तीसवाली पट्टी

माझा भाऊ चंद्रभान वर्ध्याच्या कॉलेजात शिकायला गेला आणि त्याचं डोकं तिथल्या कंप्युटरच्या खोलीतच राहून गेलं. शनिवारी एस.टी.नं घरी यायचं ते नुसतं धड. जेवायला बसला की कंप्युटर, बैलाला पाणी दाखवताना कंप्युटर. अमक्याची नवी आवृत्ती निघाली, तमकं आता दुप्पट जोरात चालतं, नागपूरच्या मित्रानं फ्लॉपीत भरून आणलं आणि आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतलं. त्या खोलीत म्हणे चपला बाहेर काढून जावं लागे. "म्हंजे देवच हाय का तो?" असं माय विचारायची. मी म्हणायची, देव नाही माय, तुझ्या होणाऱ्या सुनेची सवत आहे.

दर पंधरा दिवसांनी तो कॉलेजच्या फळ्यावर एक मोठा कागद लावायचा. वर नाव: 'नवं काय आलं?' कोणतं सॉफ्टवेअर नवीन आलं, त्यात जुन्यापेक्षा काय बदललं, काय कामाचं, काय बिनकामाचं, सगळं असं अधिकारानं लिहायचा की जणू अमेरिकेतल्या लोकांनी यालाच विचारून काढलं. खाली युक्त्या. फ्लॉपी उन्हात ठेवू नका. काम अर्धं झालं की साठवून घ्या, लाइटचा भरवसा नाही. मजकूर त्याचा, अक्षर माझं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. मी बारावी होऊन बाहेरून बी.ए. करत होते, दिवसभर घरीच होते, आणि माझं अक्षर मोत्यासारखं आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

हे हसत सांगते आहे खरी. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या गणपतीतल्या त्या सोमवारनंतर कितीतरी दिवस नुसता वांग्याचा वास आला तरी मी ताटावरून उठायची.

आमचं गाव सेलूपासून कोसभर. आम्ही भाजीपाल्याची माणसं: वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची. माल वर्ध्याच्या बाजारात जातो. आणि भाजी म्हटली की अळी आलीच, अळी आली की औषध आलं, फवारा आला. आता औषधाच्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं? हेक्टरी इतकं, लिटरला तितकं, तेही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. आमच्याकडे मापाचा ग्लास कोणाकडे नव्हता. आमच्याकडे माप एकच, बाटलीचं झाकण. पंपाला चार झाकणं, पंपाला सहा झाकणं. सारा गाव झाकणावर चालायचा. पण दरवर्षी नवीन औषध निघायचं आणि मग त्याची किती झाकणं, यावर पारावर भांडणं व्हायची.

चंदूनं त्यावर प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'फवारा'. बाबांच्या बाटलीचं झाकण खिशात घालून नेलं, कॉलेजात मोजून घेतलं, पाच मिलिलिटर भरलं. मग कंप्युटरला पीक सांगायचं, औषध सांगायचं, झाडाची उंची सांगायची, की मशीन करकर करत कागदाची पट्टी बाहेर टाकायचं. मशीनला मराठी येत नव्हतं. पट्टीवर इंग्रजीत पिकाचं नाव, औषधाचं नाव आणि मोठा आकडा. आमच्या वांग्यांचा आकडा होता सहा. सहा म्हणजे सहा झाकणं, हे पट्टीवर लिहायची गरजच नव्हती. सहा बैल थोडेच टाकणार आहे कोणी पंपात?

उन्हाळी भाजीला त्या पट्ट्यांनी काम केलं. दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद लोक टोपीत खोचून फिरायचे. बाबा तर कोणी पाहुणा आला की आधी पट्टी दाखवायचे, मग पाणी विचारायचे. चवथी शिकलेला माणूस, इंग्रजी आकडे काट्याच्या वजनांवरून वाचायला शिकलेला. त्यांचा लेक मशीनकडून कागद लिहून आणतो, याचं त्यांना इतकं कौतुक की माय चिडायची.

गणपतीतल्या त्या खेपेला चंदू शनिवारऐवजी रविवारी आला तो उड्या मारतच. "ताई, फवाऱ्याची दुसरी आवृत्ती काढली! पह्यलीपेक्षा लय भारी. आता सहा पिकं, वीस औषधं." मांडवात आरती झाल्यावर त्यानं नव्या पट्ट्या वाटल्या. बाबांना दिली, शेजारच्या रुख्माकाकूला दिली, खालच्या आळीच्या रूपरावकाकांना दिली, आणखी पाचसात जणांना दिली. लोकांनी प्रसादासारखी दोन्ही हातांत घेतली. सोमवारी सकाळच्या गाडीनं तो वर्ध्याला परत गेला. जाताना माझ्या पुढ्यात कच्चा कागद टाकून गेला. "ताई, 'नवं काय आलं' लिहून ठेवजो. यावेळी माह्या फवाऱ्याची पन खबर हाय त्यात."

बाबा पंप पाठीवर घालून वावरात गेले. माय चुलीपाशी. मी ओसरीवर बसून लिहायला घेतलं.

लिहीत होते तेवढ्यात रुख्माकाकू कुंपणावरून डोकावली. "गोपे, अळीचं औषध असन वो घरात? एखादी बाटली दे. आमची पुरत नाई."

"परवाच तर नवी आणली काकांनी."

"हाव, पन पट्टीत तीस लिवलं हाय नं. एका पंपाले तीस झाकनं टाकली तं बाटली तीन पंपात खलास. आतापावतर सहाच टाकत होतो. पन चंदूनं सांगतलं तं बरोबरच असन."

"तीस?" मी हसले. "काकू, तीन असेल. नीट पाहा."

तिनं पदराच्या गाठीतून पट्टी काढून माझ्यासमोर धरली. तीसच होतं. त्याच्यापुढे बारीक दोन इंग्रजी अक्षरं होती, जी आमच्या गावात कोणी वाचणार नव्हतं. एम आणि एल.

मी खाली माझ्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. शाई अजून ओली होती. माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'या आवृत्तीत झाकणाचं गावठी माप काढून टाकलं असून आता उत्तर शास्त्रीय पद्धतीनं मिलिलिटरमध्ये मिळेल.'

मी बोटांवर हिशोब केला. सहा झाकणं म्हणजेच तीस मिलिलिटर. हिशोब बरोबर, मशीन बरोबर, चंदू बरोबर. आणि बाबा सकाळपासून पंपाला तीस झाकणं टाकत होते.

"काकू, बाटलीला हात लावू नका! काकाले सांगा, फवारा मारू नका. तीस झाकनं म्हंजे माणूस मरते!" एवढं ओरडून मी चप्पल न घालता धावत सुटले. मागून मायचा आवाज आला, "काय झालं वो? गोपे!" मी तोवर नाल्याकडे वळले होते.

आमचं वावर नाल्यापलीकडे. रस्त्यात काळी माती पायाला चिकटून चिकटून जड झाली, आणि मी रडत तिला शिव्या देत होते. डोक्यात एकच चाललं होतं: पाचपट. पाचपट. बाबा फवारताना तोंडाला फडकं बांधत नाहीत. वारा आला तरी थांबत नाहीत. नळी तुंबली तर तोंडानं फुंकतात. हे सगळं मी दरवर्षी पाहत आले होते, दरवर्षी मायनं टोकलं होतं आणि दरवर्षी ते म्हणाले होते, "एवढ्यानं काय होते?"

धुऱ्यावर, आमच्या बांधावर, पोचले तेव्हा आधी वास आला. नेहमीचा वास नाही. घशात बोट घातल्यासारखा. वांग्याच्या ओळींत शिरले तर झाडाखाली अळ्या पडलेल्या, पांढऱ्या, गुलाबी, वळलेल्या. हजारो. एवढ्या अळ्या आमच्या वावरात होत्या हेच मला माहीत नव्हतं. आणि पंपाचा आवाज कुठेच नव्हता.

"बाबा!"

मी पुढच्या ओळीत शिरले.

"बाबा वो!"

ते निंबाखाली बसले होते. पंप पाठीवर तसाच. सदरा पाठीपासून पोटापर्यंत ओला, घामानं ओला की औषधानं हे कळत नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती आणि ते ती मनगटानं पुसत होते, पुन्हा गळत होती.

"काई नाई बेटा. ऊन लागलं." जीभ जड झाली होती. "थोडं बसतो. दोन ओळी राह्यल्या."

"ओळी गेल्या चुलीत!" मी पंपाचे पट्टे ओढून काढले. सदरा फाडला. हो, फाडलाच, बटणं काढायला वेळ कुठे होता. विहिरीवरून बादलीनं पाणी आणून त्यांच्या अंगावर ओतलं, पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं. त्यांच्या दंडाची कातडी आपोआप फडफडत होती, गाईच्या अंगावर माशी बसली की फडफडते तशी. डोळ्यांत पाहिलं तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. बाबांचे डोळे मला पहिल्यांदा अनोळखी वाटले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. मी त्यांची मुलगी, आणि मला त्यांच्याजवळ थांबायची भीती वाटली.

तेवढ्यात माय आली, रुख्माकाकूचा नवरा आला, मागून आणखी दोघेतिघे. एकजण म्हणे दही पाजा. दुसरा म्हणे चिंचेचं पाणी. तिसरा म्हणे आधी नारळ उतरवून टाका, वावरातली बाधा असते.

"तुमच्या तोंडात घाला दही!" मी किंचाळले. मोठ्या माणसांशी असं कधी बोलले नव्हते. "बंडी जुंपा! सडकेवर न्या!"

माय खाली बसली. तिनं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं त्यांचं तोंड पुसत होती, पुसत होती. औषध लागलेला पदर स्वतःच्या तोंडाला लावू नको म्हणून मी तिच्या हातातून ओढून घेतला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "गोपे, पोट्ट्याच्या हातून असं झालं काय वो?" एवढंच विचारलं.  मी झाडाखालच्या दोन रिकाम्या बाटल्या उचलून घेतल्या. का उचलल्या ते मलाही सांगता येत नाही, पण बरं झालं.

सडकेवर नागपूरकडून कोबीनं भरलेला मेटॅडोर येत होता. मी मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून ओरडला, "मराचं हाय का वो पोरी?"

"मराचं नाई म्हणूनच थांबवलं! बापाले औषध लागलं माह्या!"

बिचाऱ्यानं दुसरा शब्द काढला नाही. कोबीच्या पोत्यांवर आम्ही बाबांना आडवं केलं. रस्ताभर ते हातपाय झाडत होते. मध्येच शांत झाले की मला वाटायचं गेले, मग छाती खरखर वाजायची आणि जीव भांड्यात पडायचा. खरखर ऐकून बरं वाटावं, असे दिवस देव दुश्मनावर आणू नये. माय सगळ्या देवांची नावं घेऊन झाली होती आणि आता बाबांचंच नाव घेत होती. मनोहरराव, मनोहरराव. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात पोचताच डॉक्टरनं बाटल्या पाहिल्या, बाबांचे डोळे पाहिले आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. एक दिलं. थोड्या वेळानं दुसरं. मग किती दिली ते मी मोजलं नाही. "किती प्रमाण टाकलं होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं एवढं टाकायला?"

मशीननं म्हणू? भावानं म्हणू? "कागदावर होतं," एवढंच म्हणाले.

"उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

इंजेक्शननं लाळ थांबली, पण बाबा भ्रमात गेले. हवेतून काहीतरी वेचायला लागले, दोन बोटांच्या चिमटीत. अळ्या वेचत होते. एक वेचायची, पलंगाखाली टाकायची, दुसरी वेचायची. मायनं हात धरला तर तिच्या बांगड्यांवरून वेचायला लागले. ते पाहून माय तोंड दाबून वऱ्हांड्यात गेली.

मेटॅडोरवाल्याला मी कॉलेजात निरोप द्यायला सांगितलं होतं. त्या माणसानं कोबी उतरवायच्या आधी निरोप दिला. देव त्याचं भलं करो. चंदू धावत आला. दारातच बाबांना पाहून थबकला. मी सगळं सांगितलं, आणि त्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे?

"पन ताई, पट्टीवर एम.एल. लिवलं होतं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. भर वॉर्डात. "बाबाले वाचता येते का इंग्रजी? रुख्माकाकूले येते? काल वाटल्या तवा तोंडानं सांगता नाई आलं?"

"बदल लिवला होता नं कागदात..."

"तो कागद माह्या मांडीवर होता! तुह्या कॉलेजच्या फळ्यावर लागणार होता! बाबा येणार होते का तिथं वाचाले?"

तो गालावर हात ठेवून उभा राहिला. मग खाली बसला, पलंगाच्या लोखंडी पायाला धरून. त्याचा चेहरा असा झाला की मलाच पश्चात्ताप झाला. वीस वर्षांचं पोर. आणि मग त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांतली भीती माझ्याहून मोठी होती.

"ताई. बाकीच्या पट्ट्या."

मला ते सुचलंच नव्हतं. रुख्माकाकूला मी थांबवलं होतं, धुऱ्यावरच्या माणसांनी बाबांना डोळ्यांनी पाहिलं होतं. गावात खबर गेली असेल, आता कोण हात लावतो त्या आकड्याला, असं आम्ही एकमेकांना समजावलं. तरी चंदू उठायचा आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा. इतक्या लांबून गाव दिसणार होता थोडाच.

सकाळी बाबांनी डोळे उघडून मायला ओळखलं, पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण दोनचार दिवस हलवायचं नाही. माय तिथेच भिंतीला टेकून रडली. चंदू पलंगाजवळ जाईना. बाबांनीच बोलावलं, खुणेनं.

"बाबा, तुमाले जास्त वाटलं नाई का?" त्यानं विचारलं. "सहा टाकत होते, अन् एकदम तीस?"

बाबांचा घसा सुकला होता. "वाटलं नं. पह्यल्याच पंपाले वास डोक्यात गेला."

"मंग थांबले काऊन नाई?"

"म्हटलं, माहंच चुकत असन. तू नवीन काढलं नं."

चंदू तिथून उठला तो सरळ बाहेर. मी मागे गेले तर हातपंपाखाली डोकं धरून उभा होता. "चाल," म्हणाला, "गावात जाऊ. एक एक पट्टी वापस आनतो."

एस.टी.त तो सारखा पुटपुटत होता. आवृत्ती मागे घेतो. परत झाकणांवर आणतो. मोठ्या अक्षरात छापतो.

"कोणाच्या झाकणांवर?" मी विचारलं. "बाबाचं झाकण लहान. रुख्माकाकूच्या नव्या बाटलीचं वाटीएवढं हाय. तू एकच झाकण मोजलं होतं, चंद्या."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणजे पहिली आवृत्तीसुद्धा चुकलेलीच होती. ती चालली ती नशिबानं चालली. गाव येईपर्यंत खिडकीतून पंप घेतलेला माणूस दिसला की आम्ही दोघंही उभे राहायचो.

नाल्यापाशी आलो तर आमच्या वावराच्या धुऱ्यावर माणसं जमलेली. दहापंधरा असतील. काळजीनं आली असतील असं मला वाटलं, आणि मला भरून आलं. जवळ गेलो तेव्हा दिसलं की सगळे वाकून वांग्यांच्या झाडांखाली पाहत होते. कोणी पान उलटून पाहत होतं, कोणी फळ दाबून.

"बाबू, कसे हायेत मनोहरराव?" रूपरावकाकांनी विचारलं. आमच्या बाबांच्या वयाचा माणूस, लहानपणापासून आम्हाला खांद्यावर खेळवलेला.

"वाचले," चंदू म्हणाला.

"वाचले! देवानं लाज राखली!" सगळ्यांनी हात जोडले, अगदी मनापासून. रुख्माकाकूनं डोळे पुसले. आणि मग रूपरावकाकांनी एक वांगं चंदूसमोर धरलं.

"पन हे पाय बाबू. एक अळी जित्ती नाई. साऱ्या वावरात एक नाई! इतकी वर्सं झाली, असा फवारा म्या पायला नाई."

चंदूनं ते वांगं हातातून घेतलं आणि फेकून दिलं. "काका, हा माल कोनी खाचा नाई. बाजारात जाचा नाई. पट्ट्या द्या माह्या. साऱ्यायनं द्या. तो आकडा चुकीचा हाय."

"चुकीचा कसा? अळी तं मेली."

"माह्या बापाले पाहा नं! तोंडाले फेस आलता!"

"त्यायनं उघड्या आंगानं मारला, वारं पाठीवर घेतलं. आमी फडकं बांधू." रूपरावकाका समजुतीनं बोलत होते, लेकराला समजावावं तसं. त्यांनी टोपी काढली, आतून पट्टी काढली, नीट घडी सरळ केली आणि चंदूच्या हातात दिली. "घे. आता नाराज नको होऊ. पट्टी काय कराची आमाले? तीस ध्यानात हाय."

बाकीच्यांनीही दिल्या. खिशातून, बनियनच्या आतून, एकानं तर घरून पोराला पाठवून आणून दिली. बिनतक्रार. चंदूच्या मुठीत सगळ्या पट्ट्या गोळा झाल्या आणि तो त्यांच्याकडे असा पाहत होता की आता यांचं करायचं काय.

"काका, सहा," तो म्हणाला. "हात जोडतो. फक्त सहा. तेही तुमचं झाकन मोजल्यावर. त्याच्यावर एक थेंब नाई."

"सहानं अळी कुठी मरते बाबू? इतके दिवस सहाच टाकलं नं. मेली का?"

"माणूस मरते काका! माणूस!" मी ओरडले. "तुमाले समजून नाई राह्यलं का?"

"समजते वो बाई. बापाचं दुखनं पाहून तुमी घाबरेल हा." त्यांनी चंदूच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही बाजारात माल विकणारी माणसं. समोरच्याचा जीव तुटतो आहे हे दिसलं की आम्ही भावात थोडं खाली येतो, त्याचं मन राखतो. रूपरावकाका खरंच चंदूचं मन राखत होते. "बरं, तुह्या शब्दासाठी तीस नाई टाकत. पंचवीस."

"सहा, काका."

"तूही लय तानू नको." ते हसले, आणि आजूबाजूचे चारजणही हसले, सौदा जुळत आला की हसतात तसे. "तुहं बी राह्यलं, माहं बी राह्यलं. वीस. झालं? आता कोनी काई बोलू नका." असं म्हणून त्यांनी धुऱ्यावर ठेवलेला आपला पंप उचलला आणि पाठीवर चढवला.